जिनिव्हाची कारकुनी, मुलुंडच्या डायनिंग टेबलावरून

सुमा_मुलुंड
सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, 'निवृत्तीनंतर काय करता' या धाग्यावर मी सहज लिहून गेले होते की एका आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्थेचं ऑफिसचं काम स्वयंसेवक म्हणून करते. त्या एका ओळीवर नऊ व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. नऊ ठिकाणी तेच तेच लिहिण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते. चुका काढायलाही सगळ्यांना सोयीचं.

नऊपैकी पाच जणांनी विचारलंय, तुम्ही डॉक्टर आहात का? नाही हो. मी मंत्रालयात लिपिक म्हणून लागले आणि कक्ष अधिकारी म्हणून बाहेर पडले. मधली ३३ वर्षं आवक-जावक, टिपण्या, मसुदे, इतिवृत्तं, स्मरणपत्रं आणि दुसऱ्यांची प्रवासभत्त्याची बिलं. क्षय, हिवताप, लसीकरण यांवर काम करणाऱ्या संस्थेत डॉक्टर भरपूर असतात. पण त्या डॉक्टरांची बैठक लावायची कोणी, त्यात काय ठरलं ते लिहायचं कोणी, आणि ठरलेलं झालं का हे पंधरा दिवसांनी विचारायचं कोणी? तिथे आपण.

शिरकाव कसा झाला ते सांगते. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवकांचा एक कार्यक्रम आहे, यूएनव्ही. १९७० सालचा, मुख्यालय जर्मनीत बॉनला. २००० पासून त्यांनी घरबसल्या करायची कामंही द्यायला सुरुवात केली. त्यांच्या साइटवर आपली माहिती भरायची, कामांच्या जाहिराती बघायच्या, जमेल तिथे अर्ज करायचा. ऑनलाइन कामाला आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि एक काम जास्तीत जास्त १२ आठवडे. मानधन शून्य. प्रमाणपत्र मिळतं. मुलाने माझं फ्रेम करून दिलं, ते मी कपाटात ठेवलंय.

माझं पहिलं काम जिनिव्हाच्या एका संस्थेच्या विभागीय कक्षासाठी होतं. (नाव लिहीत नाही, गोपनीयतेच्या करारावर सही केली आहे.) दर सोमवारी बैठक, तिचं इतिवृत्त, आणि त्यांचं सामाईक फोल्डर लावून देणं. ते फोल्डर उघडलं आणि मला माझ्या पहिल्या कार्यासनाची आठवण झाली. एका इतिवृत्ताच्या अकरा प्रती, अकरा नावांनी, आणि मंजूर झालेली कुठली ते कोणालाच ठाऊक नाही. मी काय केलं असेल? सहा गठ्ठे! सरकारी नोकरीतले हसतील. चालू प्रकरणं, प्रतीक्षेतली, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. सहा फोल्डर केले, इंग्रजी नावं दिली, तीन दिवसांत सगळं जागेवर. आमच्या समन्वयक बाई केनियाच्या. त्यांनी विचारलं, ही कुठली आंतरराष्ट्रीय पद्धत? म्हटलं, महाराष्ट्र शासनाची.

भाषेचीही गंमत आहे. मी आयुष्यभर ब्रिटिश स्पेलिंग लिहिलं. इथे 'ऑर्गनायझेशन' झेडने लिहायचं पण 'प्रोग्रॅम'च्या शेवटी एमएमई हवंच. संयुक्त राष्ट्रांची शैलीच तशी, ऑक्सफर्डच्या वळणाची. पहिल्या मसुद्यावर चौदा दुरुस्त्या आल्या, त्यातल्या नऊ झेडच्या.

सगळ्यात मोठा फजितवाडा घड्याळाचा. जिनिव्हा हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळं फिरवतात. बैठक त्यांच्या साडेदहाला, म्हणजे आपल्या तीनला, असं मी डायरीत पक्कं लिहिलेलं. एप्रिलच्या तोंडावरच्या सोमवारी मी चहा घेऊन तीनला बसले, तर बैठक दोनला सुरू होऊन संपत आलेली. इतिवृत्त लिहिणारीच गैरहजर! त्यात काठमांडूचे सहकारी आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. तेव्हापासून फ्रिजवर तीन शहरांचा तक्ता लावलाय.

प्रश्न विचारा. उत्तरं रात्री नऊनंतर, नातू झोपला की.

नाना_गिरगाव
सोमवार, रात्री १०.०५

म्हणजे निवृत्त होऊन पुन्हा मस्टरवरच. सुमाताई, लेट मार्क लागला की नाही ते सांगा आधी.

सुमा_मुलुंड
सोमवार, रात्री १०.११

लागला. मीच इतिवृत्तात स्वतःचं नाव 'उशिरा उपस्थित' म्हणून लिहिलं.

भांडुपकर
मंगळवार, सकाळी ७.२२

लेख छान. पण एक खुपलं, बोलतोच.

ही फुकट कारकुनी आहे. मी युनियनमध्ये आयुष्य घालवलंय, मला 'स्वयंसेवक' हा शब्द ऐकला की खिसा चाचपावासा वाटतो. आपल्या आशा ताई बघा. कागदोपत्री स्वयंसेविका, पगार नाही, मोबदला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी त्यांना जागतिक पुरस्कार दिला, टाळ्या झाल्या. आणि २०२४ च्या सुरुवातीला त्याच बाया मानधनासाठी आझाद मैदानात उन्हात बसल्या होत्या. मोठ्या संस्थांकडे पैसा असतो, विमानाची तिकिटं असतात, फक्त टायपिस्टला द्यायला नसतो. तुम्ही फुकट करता म्हणून उद्या एखाद्या मुलीची नोकरी निघत नाही, असंही होत असेल ना?

केतकी_पी
मंगळवार, सकाळी ९.१५

भांडुपकरकाका, मुद्दा बरोबर आहे आणि तो तिथेही पोचलाय. मी देवनारला टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी करतेय. जागतिक आरोग्य संघटनेची इंटर्नशिप बरीच वर्षं बिनपगारी होती. जिनिव्हासारख्या महागड्या शहरात स्वतःच्या खर्चाने राहायचं, म्हणजे श्रीमंत घरचीच मुलं जाणार. २०१५ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचा न्यूझीलंडचा एक इंटर्न तळ्याकाठी तंबूत राहत होता, त्याची बातमी जगभर झाली. पुढे २०१८ च्या जागतिक आरोग्य सभेत ठराव झाला आणि २०२० पासून इंटर्नना विद्यावेतन मिळायला लागलं.

आणि यूएनव्हीतही सगळं फुकट नसतं. ऑनलाइन काम बिनपैशाचं, पण पूर्णवेळ प्रत्यक्ष काम करणाऱ्या राष्ट्रीय स्वयंसेवकाला दरमहा निर्वाह भत्ता असतो. माझी सीनियर दिल्लीला तशीच गेली. रुजू व्हायच्या आधी तिला सुरक्षेचा बीसेफ नावाचा ऑनलाइन कोर्स करावा लागला. ती म्हणाली, त्यात चेकपोस्टवर कसं वागायचं ते शिकवतात, आणि तिला रोज तोंड द्यायचं होतं ते प्रिंटरला.

सुमा_मुलुंड
मंगळवार, रात्री ९.२०

भांडुपकर, राग नाही. तुमचा प्रश्न मी स्वतःला विचारलाय.

मला पेन्शन आहे. घर स्वतःचं आहे. म्हणून मी फुकट करू शकते, आणि ज्याच्या घरी चूल त्या पगारावर पेटायची आहे त्याने हे करू नये, असं मी स्पष्ट सांगते. तिसऱ्या वेळी मला जे काम दाखवलं ते पाहिल्यावर कळलं की तिथे आधी कोणी तरी पगारावर होतं. रोज चार तास फोन, येणाऱ्या पाहुण्यांची हॉटेलं, गाड्या, दैनिक भत्त्याचे हिशेब. ते ऑफिस चालवणं झालं, त्याला माणूस नेमायचा असतो. मी नाही म्हटलं आणि का ते लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. स्मरणपत्र पाठवलं, त्यालाही नाही. मंत्रालयाची आठवण झाली, दुसरं काय.

पण बारा आठवड्यांचं, आखलेलं, एकदाच करायचं काम असेल तर त्यात मला वावगं दिसत नाही. तुमचं मत बदलायचा आग्रह नाही.

जुना_पापी
मंगळवार, रात्री ११.५०

मी पालिकेच्या दवाखान्यात होतो, नोकरीचा बराच काळ पल्स पोलिओत गेला. १९९५ च्या डिसेंबरात देशभर सुरू झालं तेव्हापासून. लोकांना आठवतात ते दोन थेंब आणि बाळाच्या डाव्या करंगळीवरची शाई. मला आठवतात दारावरची खडूची अक्षरं. घरातल्या सगळ्या मुलांना डोस झाला तर 'पी', कोणी राहिलं किंवा दाराला कुलूप असलं तर 'एक्स'. संध्याकाळी टॅली शीट घेऊन बसायचं, दिवसभरातली 'एक्स' घरं वेगळी काढायची आणि पुढच्या दिवसांत ती 'पी' करत आणायची. पोलिओ या हिशेबाने गेला असं मी म्हणतो, लसवाले मला शिव्या देतात. १३ जानेवारी २०११ ला हावड्याच्या मुलीला झाला तो देशातला शेवटचा, आणि २७ मार्च २०१४ ला प्रमाणपत्र आलं.

आमच्या बूथवर एक बँकेतल्या बाई यायच्या, रविवारी, स्वतःची पेन्सिल घेऊन. थेंब पाजायला त्या कधी पुढे आल्या नाहीत. शीटची बेरीज आडवी आणि उभी जुळल्याशिवाय मात्र उठायच्या नाहीत. एकदा दोनचा फरक आला. आम्ही म्हटलं, सोडा हो, दोनच तर आहेत. त्यांनी तीन इमारतींचे जिने पुन्हा चढायला लावले. एका घरात पाहुणी आलेली जुळी निघाली.

अवांतर: मुंबईत सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधायचं काम २००१ पासून चालू आहे. पंपिंग स्टेशनवरून नमुना निघतो, परळला हाफकिनच्या आवारातल्या प्रयोगशाळेत जातो. बाटलीवरची चिठ्ठी चुकली तर पाणी कुठल्या वस्तीचं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

नाना_गिरगाव
बुधवार, सकाळी ८.००

जुळ्यांसाठी +१. त्या बाईंना आमच्या सोसायटीच्या हिशेबाला पाठवा.

आठ_सत्तावन्न
बुधवार, सकाळी ९.३१ (लोकलमधून, टायपो माफ)

सुमाताई, घरबसल्या कामाचं कळलं. मुंबईत प्रत्यक्ष जाऊन काही केलंत का? मी आयटीत आहे, शनिवारी मोकळा असतो.

सुमा_मुलुंड
बुधवार, रात्री ९.४५

केलं. हे जरा सविस्तर लिहिते, कारण मला सांगायचं होतं ते हेच.

पूर्व उपनगरात एका परदेशी संस्थेचा क्षयरोगाचा प्रकल्प आहे. साध्या औषधांना दाद न देणारा टीबी, म्हणजे उपचार लांबणारा आणि औषधं सोसणं कठीण. समुपदेशक मुली रुग्णांच्या घरी जातात. डोस चुकलाय का, उलट्या होतात का, खायला काय आहे, सरकारचे पोषणाचे पैसे खात्यात आले का हे बघतात. (ते पूर्वी महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००.) मी गुरुवारी जायचे. माझ्याकडे गृहभेटींची यादी. नावं नाहीत, फक्त क्रमांक आणि पत्ता. नावं मला दिसू नयेत अशीच सोय होती, आणि ते योग्यच.

दर आठवड्याला सात-आठ भेटींपुढे 'घर सापडलं नाही' असा शेरा यायचा. मला वाटलं, मुली टाळतात. माझ्या या कोत्या मनाची मला नंतर लाज वाटली. एका गुरुवारी मी त्यांच्यातल्या एकीबरोबर गेले. हातात छापील यादी, त्यावर पत्ता: रूम नंबर, प्लॉट नंबर, रोड नंबर, शिवाजीनगर, आणि पुढे 'मशिदीच्या मा'. तिथे तुटलेला. मशिदीच्या मागे? मार्गावर? तिथे मशिदीही दोन. एक तर मुंबईत शिवाजीनगरं किती, गोवंडीत आहे, वरळीत आहे, आणखी कुठे कुठे असतील. आणि त्या गल्ल्यांमध्ये प्लॉट नंबर विचारला तर लोक आपल्याकडे वसुलीवाले असल्यासारखं बघतात. दीड तास फिरलो. शेवटी एका भजीवाल्याने विचारलं, "टाकीच्या जवळचं घर का?" असेल बाई. तेच होतं.

परत आले आणि मूळ अर्ज काढून बघितला. पत्ता पूर्ण होता: 'मशिदीच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, निळा दरवाजा'. आरोग्य सेविकेने सुवाच्य अक्षरात लिहिलेला. त्यांच्या मुख्यालयातून आलेल्या प्रणालीत पत्त्याचा रकाना मोजक्या अक्षरांचा. तिकडच्या गावात रस्ता आणि घर क्रमांक लिहिला की पत्ता संपतो. आपल्याकडे तिथे पत्ता सुरू होतो! खरा उपयोगाचा भाग शेवटी, आणि कात्री तिथेच लागायची.

रकाना मोठा करा, असं पत्र मी दिलं. उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत बघू. पुढची आवृत्ती म्हणजे काय ते सरकारी माणसाला सांगायला नको. मग मी आणि डेटा एन्ट्रीच्या मुलीने मिळून दुसरा उपाय काढला. लिहिण्याचा क्रमच उलटा केला. आधी खूण, मग गल्ली, मग नंबर. 'पाण्याची टाकी, निळा दरवाजा, मशिदीमागे, रोड अमुक.' तुटला तर नंबर तुटू दे. चारशेच्या वर पत्ते आम्ही जुने अर्ज काढून पुन्हा भरले. पाच गुरुवार गेले. नंतर 'सापडलं नाही' कधी एक, कधी दोन.

त्यातही मे महिना वेगळाच. निम्मी मुंबई गावी जाते, टीबीवालाही जातो. तिथे शेरा 'सापडलं नाही' नाही, 'गावी गेला' पाहिजे, आणि पुढे जिल्हा आणि तालुका पाहिजे. म्हणजे तिकडच्या केंद्राला कळवून गोळ्या तिथे देता येतात. हा रकाना यादीत नव्हताच. तो आम्ही पेनने आखला.

आठ_सत्तावन्न
गुरुवार, सकाळी ९.२८

ताई, हे आमच्या ऑफिसात वाचून दाखवणार आहे.

तारखांचं काय करता? आमच्याकडे परदेशी क्लायंटची शीट आली की ठरलेला घोळ. संगणक अमेरिकन पद्धतीवर असेल तर ०५/०६ म्हणजे ५ जूनचा ६ मे होतो. गंमत अशी की महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्याच तारखा उलटतात. १३ पासून पुढे महिना सापडत नाही, म्हणून एक्सेल त्या नुसता मजकूर समजून तशाच ठेवतं. म्हणजे अर्धी शीट खोटी आणि अर्धी खरी, आणि वरवर बघून पत्ता लागत नाही. औषध सुरू केल्याची तारीख अशी फिरली तर?

सुमा_मुलुंड
गुरुवार, रात्री ९.१०

फिरली होती. एका क्रमांकाचा उपचार कागदावर नोंदणीच्या आधीच सुरू झालेला दिसला म्हणून लक्षात आलं. तेव्हापासून महिना अक्षरात लिहितो. शनिवारी येणार असाल तर व्यनि करा, तिथे तुमची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे.

अबोली
शुक्रवार, दुपारी २.१५

इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. माझ्या भाचीला मेसेज आला होता, 'जागतिक आरोग्य संघटनेत ऑफिस असिस्टंट, मुंबई, पगार ६५ हजार'. लोगो वगैरे सगळं व्यवस्थित. नोंदणीचे म्हणून ३,२०० भरले, मग वैद्यकीय तपासणीचे ७,५०० मागितले तेव्हा तिने मला सांगितलं. पहिले गेलेच.

केतकी_पी
शुक्रवार, दुपारी २.४०

अरेरे. अबोलीताई, १९३० वर फोन करून सायबर तक्रार नोंदवा, आजच. संयुक्त राष्ट्रांच्या कुठल्याही संस्थेत अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, कशालाच पैसे मागत नाहीत. यूएनव्हीतही नाही. ईमेल कुठल्या पत्त्यावरून आलाय तेही बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेचा पत्ता 'हू डॉट इंट' ने संपतो, जीमेलने नाही. आणि जाहिरात त्यांच्या स्वतःच्या साइटवर दिसली नाही तर ती नाहीच असं धरायचं.

भांडुपकर
शुक्रवार, सायंकाळी ६.३०

अबोलीताई, तक्रारीचा मसुदा हवा असेल तर मी लिहून देतो. फुकट. (हसू नका कोणी.)

नाना_गिरगाव
शुक्रवार, सायंकाळी ६.३४

स्वयंसेवक!

कोकणी_काकू
शुक्रवार, रात्री ८.५०

उशिरा वाचलं. सुमाताई, माझं वय ६७, इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळते. घेतील का?

सुमा_मुलुंड
शुक्रवार, रात्री ९.३०

वयाची अडचण नाही काकू. राष्ट्रीय स्वयंसेवकांत १८ ते २६ चा तरुणांचा गट वेगळा आहे, पण त्यापुढे ८० पर्यंत घेतात. बोलण्याचं म्हणाल तर पहिल्या बैठकीत मी फक्त 'येस' आणि 'नोटेड' म्हटलं होतं, पुढे जीभ सैल झाली. अर्जात नाव मात्र पासपोर्टवर आहे तसंच भरा. माझं मधलं नाव, म्हणजे ह्यांचं, त्यांनी माझं पहिलं नाव समजून घेतलं होतं. दोन आठवडे मला 'डिअर मिस्टर सुधाकर' म्हणून पत्रं येत होती. हे खूश.

केतकी_पी
शनिवार, सकाळी १०.०५

ताई, ती खूण आधी लिहायची पद्धत अजून चालू आहे का, की तुम्ही सोडल्यावर पुन्हा नंबर पुढे आला?

सुमा_मुलुंड
शनिवार, रात्री ९.०५

चालू आहे. परवाच त्या डेटा एन्ट्रीच्या मुलीचा फोन होता. नव्या यादीत तिने लिहिलेला पत्ता मला वाचून दाखवला: 'पाण्याची टाकी (पाडली), होती तिथून डावीकडे.'